बायकोला सिव्हिअर डिप्रेशन आहे आणि मी नवरा कमी, सुपरवायझर जास्त झालोय

दुसरी_पाळी:

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितोय कारण रात्रीचे दोन वाजलेत आणि दुसरं कोणाला सांगणार. नवीन आयडी आहे, जुन्यावरून इथले चार लोक मला ओळखतात.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी आठ वर्षांची. बायकोला सात महिन्यांपासून डिप्रेशन आहे, म्हणजे आज जरा मूड नाही टाइप नाही, डॉक्टरांच्या कागदावर सिव्हिअर लिहिलंय. ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते ना, पीएचक्यू-९, त्यात २७ पैकी २२ आले. २० किंवा त्याच्या पुढे गेलं की सिव्हिअर. मला आठवतंय, खाली गाडीत येऊन बसलो आणि मी आधी काय केलं तर मनात टक्केवारी काढली. ८१. सवय, काय करणार.

गेल्या मंगळवारचं सांगतो. सकाळी ती पलंगाच्या कडेला बसली होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. मी आंघोळीला गेलो, आलो, मुलीचं दप्तर भरलं, वेणी घातली (वाईट घातली), तिला खाली बसमध्ये बसवून वर आलो तरी ही तशीच. दुसरा मोजा हातातच. रडत नव्हती, कुठे बघत नव्हती. आणि माझ्या तोंडून काय निघालं, "अगं अजून तेवढंच?"

मी वाईट माणूस नाहीये हो. ऑफिसातून लवकर येतो, स्वयंपाक शिकलो, औषधांच्या वेळा सांभाळतो. एक्सेल शीट केलंय, झोप किती तास, जेवली का, आंघोळ, गोळी, बाहेर पडली का, सगळ्याला १ किंवा ०. ती पीएचक्यूची प्रश्नावलीसुद्धा रोज रात्री विचारायचो तर डॉक्टर म्हणाले अहो त्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं, रोज काय विचारताय. मग ते बंद केलं, पण शीट चालूच आहे.

काल ती म्हणाली, "तू दारातून आत आलास की मला तपासणीला कोणीतरी आल्यासारखं वाटतं."

झोप येत नाहीये. तिला बरं कसं करायचं हे डॉक्टर बघतील, माझा प्रश्न वेगळा आहे. मी घरात नक्की कसं असायचं?

खिडकीपाशी:

वाचून पोटात कालवलं. मी त्या पलंगावर बसलेली बाई होते, पाच वर्षांपूर्वी, दीड वर्ष. म्हणून तिकडच्या बाजूने लिहिते.

मोजा. तुला वाटतं मोजा घालणं हे एक काम. त्या अवस्थेत ती दहा-बारा कामं असतात. कुठला पाय, टाच कुठे येते, वाकायचं, मग परत सरळ व्हायचं, आणि मग बूट, आणि बूट घातले म्हणजे बाहेर जावं लागणार, बाहेर कोणीतरी भेटणार, त्याच्याशी चेहरा करून बोलायचं... हे सगळं एका मोज्यात दिसतं आणि डोकं तिथेच बंद पडतं. याला आळस म्हणत नाहीत, विचार आणि हालचाल दोन्ही खरोखर मंदावतात, तो आजाराच्या लक्षणांतलाच भाग आहे. आणि हे सगळं होत असताना एक मन बाजूला उभं राहून म्हणत असतं, बघ, तुला मोजासुद्धा घालता येत नाही. तुझं वाक्य त्या मनाने आधीच शंभर वेळा म्हटलेलं होतं. तू फक्त मोठ्याने म्हणालास.

माझ्या नवऱ्याने काय केलं ते सांगते, तो काही संत नाही, तोही खूप चुकला आधी. नंतर कधीतरी त्याने प्रश्न विचारणं सोडलं. "काही हवंय का?" हा सगळ्यात छळवादी प्रश्न. काही हवंसं वाटणं हेच तर गेलेलं असतं ना! त्याऐवजी तो सांगायचा. "मी खाली चक्कर मारून येतोय, तुझ्या चपला दाराशी काढून ठेवल्यात." बस. गेले तर गेले. बहुतेक वेळा नाही गेले, तो एकटा जाऊन यायचा, आल्यावर तोंड पाडायचा नाही. संध्याकाळी माझ्याच खोलीत बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचा. माझ्याकडे न बघता. ते न बघणं मला फार बरं वाटायचं, कोणीतरी आहे पण माझ्यावर काम चाललेलं नाहीये.

अजून एक, सकाळी महत्त्वाचं काहीही काढू नकोस. आमच्यातल्या बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यात वाईट असते, संध्याकाळी जरा सैल होतं. पैसे, नोकरी, मुलीचा अभ्यास, जे काय बोलायचं ते संध्याकाळी.

स्पष्टवक्ता:

राग मानू नये पण स्पष्ट लिहितो. एवढं हातावर झेललं तर कोण उठेल? आधीच्या पिढीला डिप्रेशनला वेळ तरी होता का? पहाटे उठवा, व्यायाम करायला लावा, कामात गुंतवा. गोळ्यांची एकदा सवय लागली की आयुष्यभर सुटत नाही. मन घट्ट करावं लागतं माणसाला.

कोरडा_पाऊस:

आले का हे. प्रत्येक धाग्यावर एक असतोच. मधुमेहवाल्यालाही मन घट्ट करून साखर उतरवायला सांगता का?

नाईटड्युटी:

कोरडा_पाऊस, भांडू नका, हा प्रश्न मला वॉर्डात रोज कोणीतरी विचारतं आणि विचारणारे सगळे दुष्ट नसतात. मी मानसोपचार वॉर्डात १४ वर्षं नर्स आहे.

स्पष्टवक्ता, व्यायामाचं म्हणाल तर तुमचं अर्धं बरोबर आहे. सौम्य-मध्यम डिप्रेशनमध्ये व्यायामाचा चांगला उपयोग होतो. पण जिला मोजा जमत नाही तिला पहाटे पळायला लावणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिन्यावरून चढवण्यासारखं आहे. काहीतरी करायला लावावं हे तत्त्व थेरपीतही आहे, कृती आधी, मूड मागून येतो. फक्त तिथे कृतीचं माप पेशंटच्या ताकदीचं असतं. आज पडदा उघडायचा. झालं. उद्या परत पडदाच.

गोळ्यांचं म्हणाल तर दारूची किंवा झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी चटक डिप्रेशनच्या गोळ्यांची लागत नाही. एकदम बंद केल्या तर त्रास होतो हे मात्र खरं, चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, चिडचिड. म्हणून डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करतात. लोक एकदम बंद करतात, त्रास झाला की म्हणतात बघा सवय लागली.

दुसरी_पाळी, तुम्हाला दोन-तीन गोष्टी विचारते. थायरॉइड आणि बी-१२ बघितलंय का? पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोप तीन तास पण एनर्जी भरपूर, बडबड, भरमसाट खर्च, मोठमोठे प्लॅन? तिला ते आजारपण वाटलं नसेल म्हणून ती सांगणार नाही, नवऱ्याला आठवतं. हे डॉक्टरांना कळलं पाहिजे कारण बायपोलर असेल, म्हणजे आलटून पालटून दोन्ही टोकं, तर औषधाची दिशाच बदलते, नुसती डिप्रेशनची गोळी तिथे उलटू शकते. आणि आत्ताची गोळी किती आठवडे झाली? पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ-अस्वस्थपणा आधी येतो, खरा फायदा चार ते सहा आठवड्यांनी. मधल्या काळात माणसं सोडून देतात.

तळटीप:

धागाकर्त्यांच्या एक्सेलवरून आठवलं. हूली आणि टीसडेल या दोघांचा १९८९ चा एक अभ्यास आहे, डिप्रेशनमधून बाहेर आलेल्या विवाहित पेशंटवर. त्यांनी एक फार साधा प्रश्न विचारला होता, तुमचा जोडीदार तुमच्यावर कितपत टीका करतो असं तुम्हाला वाटतं? आकड्यात सांगा. पुढच्या नऊ महिन्यांत कोणाचं डिप्रेशन परत आलं याचा अंदाज त्या एका उत्तरावरून फार चांगला आला. पेशंट ३९ च होते, लहान अभ्यास आहे, त्यामुळे फार ताणू नये. पण गंमत बघा, जोडीदार खरंच किती टीका करतो हे त्या प्रश्नात नाहीये. पेशंटला किती वाटतं, ते आहे. तुम्ही ० लिहिताना मनात काय होतं याला तिच्या दृष्टीने किंमत नाही. तिला शून्य दिसतं.

दुसरी_पाळी:

सगळ्यांचे आभार. थायरॉइड, बी-१२ नॉर्मल. उलटं म्हणाल तसं कधी झालेलं नाही, खर्चाच्या बाबतीत ती माझ्याहून चिकट. ही दुसरी गोळी आहे, पहिली आठ आठवडे घेतली, फरक शून्य. (शून्य! बघा परत.) दुसरीचा सहावा आठवडा चालू आहे. दोन फेल म्हणजे आता काय, अशी भीती वाटते.

तळटीप, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि मीटिंगला गेलोच नाही.

शीट बंद केलं. म्हणजे डिलीट नाही केलं, नवीन भरत नाहीये. काल संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घातल्या तिच्या खोलीत बसून. फार नाटकी वाटत होतं, चोरून तिच्याकडे बघत होतो. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "बाह्या आत घे." एवढंच.

मुलीचं मात्र कळत नाही. परवा विचारत होती, "आई माझ्यावर रागावलीये का?" मी म्हटलं नाही गं, आई दमलीये. तर म्हणाली, "मी आवाज करते म्हणून?"

धाकटी_पाती:

मी ती मुलगी होते. वडिलांना डिप्रेशन होतं, घरात कोणी तो शब्द उच्चारला नाही, "बाबा दमलेत" हेच. मग मी दहा वर्षांची असताना स्वतःच निष्कर्ष काढला की माझ्यामुळे दमलेत. पायांचा आवाज होऊ नये म्हणून घरात चवड्यांवर चालायचे. आजही चालते, नवरा हसतो.

तिला आजाराचं नाव सांगा. आठ वर्षांच्या मुलीला कळतं. आईला एक आजार आहे, त्यात माणसाला आनंद वाटत नाही आणि अंगात ताकद राहत नाही. तो तुझ्यामुळे झाला नाही. तुला तो बरा करायचा नाहीये, त्यासाठी डॉक्टर आहेत, मी आहे. तुला कधीही काहीही विचारता येईल. हे एकदा सांगून सोडू नका, तिला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं, आणि विचारायची तिला भीती वाटते. आणि प्लीज, आईला खूश करायला गाणं म्हण वगैरे तिच्यावर सोपवू नका. मी चुटके पाठ करायचे.

एकटीच:

कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. मी निघाले. सहा वर्षांनंतर. त्याला डिप्रेशन होतं हा मुद्दाच नव्हता, त्याने डॉक्टरकडे जायचं नाही हे ठरवलं होतं आणि मी त्याचं सगळं ऐकत, सावरत, लोकांना खोटं सांगत स्वतः इतकी संपले की एक दिवस सिग्नल हिरवा झाला तरी गाडी पुढे नेता येईना, मागचे हॉर्न वाजवतायत आणि मला कळत नाहीये पाय कुठला दाबायचा. तुमची मोज्याची गोष्ट वाचून तेच आठवलं.

दुसरी_पाळी, तुमची परिस्थिती वेगळी आहे, ती औषध घेतेय, बोलतेय. पण तुम्ही दमलायत हे अख्ख्या पोस्टमध्ये कुठेच लिहिलं नाहीये. रात्री दोनला जागे होतात. तुम्ही स्वतः कोणाकडे जाता का? आणि घरी कोणाला माहितीये?

दुसरी_पाळी:

माझ्या भावाला माहितीये. सासूबाईंना "पोटाचं दुखणं" सांगितलंय, बायकोनेच सांगायला लावलं.

मी कोणाकडे जात नाही. मला काय झालंय.

कोरडा_पाऊस:

तिने आईला सांगू नको म्हटलंय तर तिचं ऐका. पण तुम्हाला बोलायला भाऊ आहे तर त्याच्याशी खरंच बोला, "ठीक चाललंय" नको. आमच्याकडे माझी बहीण दर शनिवारी यायची आणि मी तीन तास घराबाहेर असायचो. काहीही करायचो नाही, नुसता बसून असायचो बाकावर. पहिल्या महिन्यात अपराधी वाटायचं, नंतर शनिवारची वाट बघायला लागलो आणि त्याचं अपराधी वाटायला लागलं :)

दुसरी_पाळी:

घाईत लिहितोय. नऊ दिवसांनी आलोय या धाग्यावर. थंडीचे कपडे वर टाकत होतो, तिच्या जाड जॅकेटच्या आतल्या खिशात गोळ्या सापडल्या. सुट्या, एका छोट्या पाकिटात. मोजल्या नाहीत पण बऱ्याच आहेत. ती रोज माझ्यासमोर घेते, म्हणजे घेत नव्हती. मी एवढं रजिस्टर ठेवलं आणि गोळीच्या रकान्यात रोज १. ती आतल्या खोलीत झोपलीये. मला इतका राग आलाय, सात महिने... काय बोलू तिला? की बोलूच नको, गुपचूप परत ठेवू आणि लक्ष ठेवू?

नाईटड्युटी:

परत ठेवू नका. पाकीट तुमच्याजवळ ठेवा, घरातली बाकीची औषधंही सगळी, अगदी डोकेदुखीची, तुमच्या ताब्यात घ्या आत्ताच.

राग बाजूला ठेवा. तुम्हाला ही फसवणूक वाटतेय, मला दुसरीच काळजी वाटतेय. गोळ्या घ्यायच्या नसतील तर माणूस बेसिनमध्ये टाकतो. ठेवलेल्या आहेत. नुसत्या टाळल्या असतील किंवा जीव द्यायला साठवल्या असतील, दोन्ही शक्यता आहेत, त्यामुळे आज विचारायचंच, आणि आडून नाही. "तुझ्या मनात असं काही येत नाही ना?" असं विचारू नका, त्यात "नाही" हे उत्तर तुम्ही आधीच तिच्या हातात देता. सरळ, "जीव द्यायचा विचार येतो का?" हाच शब्द. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. शांतपणे ऐका, वाद घालू नका, "मुलीचा तरी विचार कर" म्हणू नका. ती तो चोवीस तास करतेय.

हो म्हणाली तर तिला एकटीला सोडायचं नाही, डॉक्टरांना लगेच फोन. ते नाही मिळाले तर जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी किंवा हेल्पलाइन. भावाला बोलवा, मुलीला त्याच्याकडे पाठवा. इथे उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

खिडकीपाशी:

तिच्याजवळ बस. समोर नको, शेजारी. आम्ही आहोत इथे.

एकटीच:

काही कळलं का?

कोरडा_पाऊस:

सकाळपासून चार वेळा धागा उघडून बघितला.

दुसरी_पाळी:

उशीर झाला, सॉरी. सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही पण ती आहे.

शेजारी बसलो. पाकीट मांडीवर ठेवलं. शब्द तोंडातून बाहेर यायला बहुतेक दहा मिनिटं लागली, मी घसा खाकरतोय, परत गप्प. शेवटी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल, आणि म्हणाली, "किती दिवस वाट बघत होते कोणी विचारतंय का."

ठरवलेलं काही नव्हतं म्हणाली. आधी नुसत्या घ्यायच्या बंद केल्या, काही उपयोग होत नाही म्हणून. मग साठल्या. मग त्या आहेत, याचा आधार वाटायला लागला. "असू देत" एवढंच म्हणाली. मी काही बोललो नाही. बोलायचं नाही हे तुम्ही लिहिलं होतं म्हणून, नाहीतर मी नक्की मुलीचं नाव काढलं असतं.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. त्यांनी तिच्याबरोबर बसून एक कागद केला, तिच्याच अक्षरात. कुठली लक्षणं दिसली की धोक्याची पाळी, तेव्हा आधी स्वतः काय करायचं, मग कोणाच्या सोबतीला जायचं, मग कोणाला फोन, मग डॉक्टर, आणि घरात कुठल्या वस्तू हाताशी नकोत. तिच्या धोक्याच्या लक्षणांत तिने पहिलं काय लिहिलं असेल, "सगळ्यांशी गोड बोलायला लागते." मी ते चांगलं लक्षण धरत होतो हो. शीटमध्ये त्या दिवसांना हिरवा रंग आहे.

तळटीप:

बरं केलंत सांगितलंत. तो कागद म्हणजे सेफ्टी प्लॅन, स्टॅनली आणि ब्राउन यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धत आहे, आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्याची एक प्रत तुमच्या फोनमध्येही असू द्या.

आणि तुमची "दोन फेल" ही भीती. पहिली गोष्ट, दुसरी गोळी नीट पोटातच गेलेली नाही, त्यामुळे ती फेल धरता येणार नाही. शिवाय २००६ साली स्टार-डी नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष आले, साधारण ४,००० पेशंट, त्यात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे पहिलीने न होणं हेच नेहमीचं आहे.

स्पष्टवक्ता:

माझी मतं मी मागे घेत नाही सगळी. पण जे विचारलंत ते मला जमलं नसतं. गोळ्या लपवल्यावर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसरी_पाळी:

डॉक्टर ईसीटी म्हणतायत, म्हणजे डोक्याला विजेचे शॉक देऊन उपचार. मी शॉक हा शब्द ऐकला आणि हातपाय गार पडले. पट्ट्यांनी बांधलेलं माणूस, तोंडात रबर, हेच डोळ्यासमोर. तिला विचारलं तर ती म्हणते "जे लवकर होईल ते."

नाईटड्युटी:

ते चित्र जुनं आहे. आता भूल देतात, स्नायू सैल करायचं औषध देतात, पेशंट झोपलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला पायाचा अंगठा हललेला दिसतो फार तर. भूल उतरून शुद्धीवर यायला जास्त वेळ लागतो, करंट काही सेकंदांचा. साधारण ६ ते १२ वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. अतिशय गंभीर डिप्रेशनमध्ये, विशेषतः जिथे जिवाला धोका आहे तिथे गोळ्यांपेक्षा लवकर काम करतं, म्हणूनच सुचवलं असेल. दुष्परिणाम आहेत, डोकं दुखतं, थोडा वेळ गोंधळायला होतं, आणि स्मरणशक्तीचं आहे ते डॉक्टरांना सविस्तर विचारा, संकोच करू नका. सही करायच्या आधी तिने स्वतः विचारलेलं उत्तम.

तळटीप:

सुरुवात १९३८, रोम, चेर्लेत्ती आणि बिनी. तेव्हा भुलीशिवाय द्यायचे, ती बदनामी अजून पुरतेय.

खिडकीपाशी:

मी घेतलंय. आठ वेळा. खरं खरं लिहिते. चौथ्यानंतर एका दुपारी मला भूक लागली, म्हणजे जेवायची वेळ झाली म्हणून नाही, भूक. रडले मी.

आणि गेलं ते पण सांगते. त्या दोन-अडीच महिन्यांतलं बरंचसं पुसलं गेलंय. माझी भाची त्याच काळात जन्मली, मी तिला मांडीवर घेतलेला फोटो आहे, मी त्यात हसतेय. मला तो दिवस अजिबात आठवत नाही. विचारलंस तर परत घेईन का, हो. पण तिला हे आधी माहीत असू दे. आणि तू त्या दिवसांतलं काहीतरी लिहून ठेव तिच्यासाठी. एक्सेलमध्ये नको :)

दुसरी_पाळी:

महिन्याभराने अपडेट.

सात झाले. पहिल्या तीननंतर काहीच फरक नाही, मी आतून खचलो होतो, तिला दाखवलं नाही (तिला दिसलंच असेल). पाचव्यानंतर तिने स्वतःहून खिडकी उघडली. मी काही बोललो नाही, वहीत लिहिलं फक्त. पीएचक्यू १३ आलाय. मध्ये दोन दिवस परत पार तळाला गेली होती, कारण काहीच नाही. तिला मुलीच्या बाईंचं नाव आठवत नाही, फोनचा पासवर्ड आठवत नाही, त्यावरून चिडते. चिडते हे मला आवडतं असं म्हटलं तर अजून चिडते.

मुलीला नाव सांगितलं आजाराचं. धाकटी_पाती म्हणाल्या तसंच शब्दशः सांगितलं. तिने विचारलं, "मग मला होणार का?" याची तयारी नव्हती माझी. म्हटलं होईलच असं नाही, आणि झालाच तर आता आपल्या घरात त्याचं नाव सगळ्यांना माहितीये. बरोबर बोललो का माहीत नाही.

भाऊ रविवारी येतो. मी दोनदा एका काउन्सेलरकडे जाऊन आलो. पहिल्या वेळी पूर्ण तासभर तिच्याबद्दलच बोललो, बाई म्हणाल्या पुढच्या वेळी तुमचं घेऊन या.

नाईटड्युटी:

१३ म्हणजे चांगलंच उतरलं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अंगात ताकद आधी येते आणि मनातला अंधार मागाहून जातो असं आम्ही वॉर्डात पुष्कळदा बघतो, म्हणून सुधारणा दिसायला लागल्यावर औषधांचं कुलूप लगेच काढू नका. आणि पूर्ण बरं वाटल्यावरही औषध निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, तिच्या बाबतीत कदाचित जास्त. "आता कशाला" असं तिला, तुम्हाला, सासूबाईंना सगळ्यांना वाटणार.

दुसरी_पाळी:

सासूबाईंना सांगितलं तिने. फोनवर, स्वतः. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग त्या म्हणाल्या, "तुझ्या मावशीला पण हे होतं बहुतेक, आम्ही तिला हट्टी म्हणायचो."

अजून एक राहिलं. परवा तिने ते एक्सेल बघायला मागितलं. मी नको म्हणत होतो, तिने लॅपटॉप ओढून घेतला. सात महिन्यांचं, ओळीने, काही न बोलता खाली खाली जात राहिली, मला वाटलं आता हे संपलं सगळं. मग एका ठिकाणी थांबली.

"सतरा तारखेला मी आंघोळ केली होती. तू शून्य टाकलंयस."

खिडकीपाशी:

हाहाहा. मग? दुरुस्त केलंस का?

दुसरी_पाळी:

तिनेच केलं.